उत्तराचं देणं

मी पेशाने भाषेची शिक्षिका. गेली काही वर्षं एका रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातल्या नैतिकता समितीवर आहे. या समितीत डॉक्टर असतात, औषधशास्त्राचे जाणकार असतात, एखादा वकील असतो आणि वैद्यकाशी काहीही संबंध नसलेलं एक माणूस असतं. ते माणूस मी. कॅन्सरच्या नव्या ट्रायलचा, म्हणजे उपचार रुग्णांवर तपासून बघणाऱ्या अभ्यासाचा, प्रस्ताव आला की बाकीचे सदस्य त्यातलं शास्त्र तपासतात. मी रुग्णापुढे ठेवायचं संमतीपत्र वाचते आणि हे वाचून ज्याला सही करायची आहे त्याला काय कळेल, एवढंच बघते.

ही संमतीपत्रं लांबलचक असतात. रक्त किती वेळा घेणार, स्कॅन किती, कोणते दुष्परिणाम होऊ शकतात, इजा झाली तर भरपाई कोण देणार, कधीही बाहेर पडायचा हक्क कसा आहे, नाव कसं गुप्त राहील, सगळं त्यात असतं. त्यातल्या बऱ्याच कलमांमागे पूर्वी कुणीतरी सोसलेलं आहे, त्यामुळे पानं कमी करा असं मी कधीच म्हणणार नाही. पण बरीच संमतीपत्रं वाचून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की एक गोष्ट त्यात अर्ध्या ओळीत उरकलेली असते किंवा नसतेच. ट्रायल संपल्यावर जे उत्तर निघेल, ते ज्यांच्या शरीरावर शोधलं त्यांना कोण सांगणार, कधी, आणि कोणत्या शब्दांत?

कॅन्सरच्या ट्रायल वाढायला हव्यात, असं माझं ठाम मत आहे. त्या मोठ्या रुग्णालयांत रोजच्या उपचारांइतक्याच सवयीच्या व्हायला हव्यात. पण ज्या क्षणी एखादा रुग्ण सही करतो, त्या क्षणापासून केंद्र त्याचं देणं लागतं. विचारण्याजोगा प्रश्न, त्या प्रश्नाबद्दल खरं बोलणं आणि शेवटी मिळालेलं उत्तर, हे ते देणं आहे. आज पहिल्या दोन गोष्टींवर निदान चर्चा तरी होते. तिसरी बहुतेक ठिकाणी बुडीत खात्यातच जाते.

ट्रायलचं नाव काढलं की घरच्या माणसांकडून दोनपैकी एक वाक्य येतं. ‘म्हणजे तुम्ही आमच्या माणसावर प्रयोग करणार?’ किंवा ‘म्हणजे नवं औषध मिळणार ना?’ एकात भीती आहे, दुसऱ्यात आशा. पण दोन्ही वाक्यांच्या मुळाशी एकच समज आहे, की डॉक्टरांना उत्तर आधीच माहीत आहे. भिणाऱ्याला वाटतं, औषध वाईट असेल हे त्यांना ठाऊक आहे आणि ते लपवताहेत. आशा धरणाऱ्याला वाटतं, औषध चांगलं आहे हे त्यांना ठाऊक आहे आणि ते आपल्याला आधी देताहेत. खरी परिस्थिती दोघांच्याही कल्पनेबाहेरची असते. डॉक्टरांना माहीत नसतं. जाणकारांमध्ये याबद्दल खरोखर दुमत असेल, तरच चिठ्ठ्या टाकून ठरावं तसं एका रुग्णाला हा उपचार आणि दुसऱ्याला तो, असं वाटप करणं न्याय्य ठरतं. नीतितज्ज्ञ बेंजामिन फ्रीडमन यांनी १९८७ साली ही अट नीट मांडली आणि आजही ट्रायलचा नैतिक पाया तोच मानतात. ‘आम्हाला माहीत नाही’ हे वाक्य डॉक्टरांच्या तोंडून ऐकायची आपल्याला सवय नाही आणि त्यांना म्हणायचीही नाही. ट्रायलची सगळी अडचण या न उच्चारलेल्या वाक्यात आहे.

हे वाक्य उच्चारलं नाही तर काय होतं, याचं सगळ्यात मोठं उदाहरण स्तनाच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेचं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाल्टिमोरमध्ये विल्यम हालस्टेड यांनी एक शस्त्रक्रिया रूढ केली. स्तन, त्यामागचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी, सगळं एकत्र काढायचं. विचार सरळ होता. कॅन्सर पायरीपायरीने बाहेर पसरतो, म्हणून जितकं जास्त कापाल तितकं चांगलं. बायकांची छाती खोलगट व्हायची, हात सुजून जड व्हायचा, खांदा उचलताना त्रास व्हायचा. जवळपास ऐंशी वर्षं हे असंच चाललं. ते करणारे शल्यविशारद निष्ठुर नव्हते. आपण जीव वाचवतोय असं त्यांना मनापासून वाटत होतं. पण त्या वाटण्याची कधी परीक्षाच झाली नव्हती.

पिट्सबर्गचे बर्नार्ड फिशर यांना शंका होती की हा आजार सुरुवातीपासूनच रक्तावाटे शरीरभर जाऊ शकतो, आणि तसं असेल तर छातीवर कितीही कापलं तरी फरक पडणार नाही. १९७१ साली त्यांच्या गटाने हालस्टेडची शस्त्रक्रिया आणि त्यापेक्षा कमी कापणाऱ्या शस्त्रक्रिया यांची तुलना सुरू केली. १,६६५ स्त्रियांची २५ वर्षं नोंद ठेवली आणि जगण्यात फरक आढळला नाही. १९७६ साली पुढचा प्रश्न विचारला गेला. पूर्ण स्तन काढायचा की फक्त गाठ? यावेळी १,८५१ स्त्रियांची २० वर्षांची नोंद हाती आली, आणि जगण्यात पुन्हा फरक नाही. त्याच ट्रायलने आणखी एक गोष्ट दाखवली, जी अंदाजाने कुणालाच इतकी अचूक सांगता आली नसती. फक्त गाठ काढून रेडिएशन दिलं नाही तर त्याच स्तनात आजार परत येण्याचं प्रमाण ३९.२ टक्के, आणि रेडिएशन दिलं तर १४.३ टक्के. मिलानमध्ये उंबेर्तो वेरोनेसी यांच्या गटाचं उत्तरही त्याच दिशेचं होतं.

आज एखादी स्त्री गाठ काढून स्तन शाबूत ठेवून घरी जाते, तेव्हा तिच्या पाठीशी या हजारो अनोळखी बायका उभ्या असतात. आपला स्तन राहणार की जाणार हे चिठ्ठीवर सोडायला त्या तयार झाल्या. मी या आकड्यांकडे नेहमी त्याच बाजूने बघते. १,८५१ हा नमुन्याचा आकार आहे, असं सांख्यिकीचे लोक म्हणतील, आणि ते बरोबरच आहे. पण एवढ्या वेळा कुणीतरी कुठल्यातरी खोलीत बसून, स्वतःच्या भीतीसकट, ‘चालेल’ म्हणालेलं आहे.

या बायकांना उत्तर कसं कळलं, हे मात्र वाचण्यासारखं आहे. याच ट्रायलमध्ये रुग्ण घेणाऱ्या मॉन्ट्रियलमधल्या एका शल्यविशारदाने काही रुग्णांच्या नोंदींत फेरफार केले होते. ज्या नियमात बसत नव्हत्या त्यांना बसवण्यासाठी तारखा बदलल्या होत्या. हे ट्रायल चालवणाऱ्यांच्या लक्षात १९९०-९१ च्या सुमारास आलं. जनतेला कळलं १९९४ साली, वर्तमानपत्रातून. त्या नोंदी वगळून पुन्हा हिशेब केला तेव्हा निष्कर्ष तोच राहिला. शास्त्राच्या दृष्टीने काही बिघडलं नव्हतं. पण ज्यांनी त्या निष्कर्षावर विसंबून स्तन ठेवायचा निर्णय घेतला होता, त्यांना एका सकाळी पेपर उघडल्यावर वाटलं असेल की आपल्या जिवाशी कुणीतरी खेळलं. उत्तर बरोबर असणं पुरेसं नसतं. ते कुणाला, कधी आणि कुणाच्या तोंडून कळतं, यावरही विश्वास उभा असतो.

ट्रायल टाळली तर माणूस प्रयोगातून सुटतो, असं काहींना वाटतं. याचं उत्तरही स्तनाच्या कॅन्सरच्याच इतिहासात आहे. १९८० आणि ९० च्या दशकांत एक कल्पना जोर धरत होती. केमोचं प्रमाण इतकं वाढवायचं की अस्थिमज्जाच नष्ट होईल, आणि आधी काढून ठेवलेली स्वतःचीच मज्जा किंवा मूळपेशी नंतर परत द्यायच्या. जास्त औषध म्हणजे जास्त कॅन्सर मरणार. हा हालस्टेडचाच विचार होता, फक्त सुरीऐवजी औषधाच्या रूपात. अमेरिकेत विमा कंपन्यांवर खटले झाले, वर्तमानपत्रांनी बाजू घेतली, हजारो स्त्रियांनी हा उपचार ट्रायलच्या बाहेर घेतला. ट्रायलमध्ये गेलं तर साधी केमो वाट्याला येण्याची शक्यता होती आणि ती कुणालाच नको होती. त्यामुळे ट्रायल भरायला वर्षानुवर्षं लागली. अखेर १९९९ साली कॅन्सरतज्ज्ञांच्या मोठ्या परिषदेत पाच ट्रायलचे निकाल आले, आणि चारांमध्ये फायदा दिसला नाही. पाचवी जोहान्सबर्गची होती. तिथे मोठा फायदा दाखवला होता. काही महिन्यांनी तपासनीस तिथे जाऊन कागद बघून आले तेव्हा ती ट्रायल बनावट निघाली.

ट्रायलबाहेर उपचार घेतलेल्या त्या स्त्रियांवरही प्रयोगच झाला, आणि काहीजणी तर त्या उपचारानेच गेल्या. त्यांच्या बाबतीत प्रश्न लिहून ठेवलेला नव्हता, तुलनेला कुणी नव्हतं, आणि थांबा म्हणायला बाहेरची स्वतंत्र समिती नव्हती. सिद्ध न झालेला उपचार ट्रायलबाहेर घेणं म्हणजे प्रयोगाचे सगळे धोके पत्करून त्यातलं एकमेव मोल, म्हणजे उत्तर, फेकून देणं. म्हणूनच कुठलंही रुग्णालय ‘आमच्याकडे अगदी नवा उपचार आहे’ असं सांगतं, तेव्हा माझा पहिला प्रश्न असतो, त्याची ट्रायल चालू आहे का? नसेल तर का नाही?

लहान मुलांच्या कॅन्सरमध्ये हे आधी उमगलं. १९४८ साली बॉस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, झालेल्या १६ मुलांना अमायनोप्टेरिन दिल्याची नोंद प्रसिद्ध केली. फॉलिक ॲसिडने आजार भडकतो असं त्यांनी आधी पाहिलं होतं, म्हणून त्याच्या उलट काम करणारं औषध वापरलं. १० मुलांत आजार मागे हटला, पण काही काळच. तो काही काळ पुढच्यांनी धरून ठेवला. एका ट्रायलचं उत्तर हा पुढच्या ट्रायलचा पाया, असं करत गेले. आज साधनं असलेल्या देशांत मुलांच्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या ल्युकेमियात पाच वर्षं जगण्याचं प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास आहे. यात चमत्कारी नव्या औषधाचा भाग थोडा आहे. बहुतेक औषधं तर जुनीच आहेत. ती कोणत्या क्रमाने द्यायची, किती काळ द्यायची, मेंदूला कसं जपायचं, कोणत्या मुलाला कमी पुरतं आणि कोणाला जास्त लागतं, हे मुलामुलांनी मिळून शिकवलं. अमेरिकेत अनेक दशकं कॅन्सर झालेल्या मुलांपैकी मोठा हिस्सा ट्रायलमध्ये असायचा. मोठ्या माणसांत हे प्रमाण शंभरात दहासुद्धा नसतं. मुलांच्या डॉक्टरांनी ट्रायल ही उपचार संपल्यावरची शेवटची खोली मानली नाही. दारात शिरल्यापासूनचा भाग मानला. मला मोठ्यांच्या विभागात नेमकं हेच हवं आहे.

पण मग मघाची भीती? ती खुळी आहे असं मी म्हणू शकत नाही, कारण तिच्यामागे ब्रुकलिनमधलं जुनाट आजारांचं एक रुग्णालय आहे. १९६३ साली तिथे २२ आजारी म्हाताऱ्या माणसांच्या कातडीखाली जिवंत कॅन्सरपेशी टोचल्या गेल्या. त्यांना सांगितलं की ही प्रतिकारशक्तीची तपासणी आहे. ‘कॅन्सर’ हा शब्द उच्चारला नाही, कारण तो ऐकला तर माणसं उगाच घाबरतील, असं संशोधक चेस्टर साऊथम यांचं म्हणणं होतं. तीन तरुण डॉक्टरांनी सुई हातात घ्यायला नकार दिला, म्हणून प्रकरण बाहेर आलं. साऊथम यांच्यावर वर्षभराच्या देखरेखीची कारवाई झाली. पुढे ते कॅन्सर संशोधकांच्या एका प्रतिष्ठित संस्थेचे अध्यक्षही झाले. ‘उगाच घाबरतील’ हे शब्द मी विसरत नाही. आजही समितीच्या बैठकीत संमतीपत्रातलं एखादं वाक्य मऊ करायचा आग्रह होतो, तेव्हा कारण तेच दिलं जातं.

मऊ केलेल्या वाक्यांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण हा माझ्या पेशाचा भाग आहे. जवळजवळ प्रत्येक संमतीपत्रात असतं, ‘या अभ्यासातून आपणास थेट लाभ होईलच असे नाही.’ इंग्रजी मसुद्यावरून शब्दाला शब्द ठेवून आलेलं हे वाक्य कायद्याच्या कसोटीला उतरतं. पण मराठी कानाला ‘होईलच असं नाही’ याचा अर्थ ‘बहुधा होईल, पण खात्री देत नाही’ असा ऐकू येतो. पाऊस येईलच असं नाही म्हणणारा माणूस छत्री घेऊनच निघतो. पहिल्या टप्प्याच्या ट्रायलमध्ये हे वाक्य छापणं म्हणजे खरं बोलूनही चुकीचं ऐकवणं आहे. ‘यादृच्छिकीकरण’, ‘प्रतिकूल घटना’, ‘मानक उपचार बाहू’ हे शब्द तर डॉक्टरांनाही मोठ्याने वाचताना अडखळायला होतं. ‘कोणता उपचार मिळणार हे संगणक चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवेल. तुमचे डॉक्टरही ते निवडू शकत नाहीत’, असं लिहिलं की समोरची व्यक्ती पहिला खरा प्रश्न विचारते. तो प्रश्न यायला हवा. तो आलाच नाही तर सही घ्यायची घाई करू नये.

पहिल्या टप्प्याचं खरं काय, तेही सांगायला हवं. त्या टप्प्याचा प्रश्न ‘औषध चालतं का’ हा नसतोच. ‘माणसाला किती झेपतं’ हा असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेच्या पाठबळाने १९९१ ते २००२ या काळात झालेल्या मोठ्यांवरच्या ४६० पहिल्या टप्प्याच्या ट्रायलचा हिशेब २००५ साली प्रसिद्ध झाला. सुमारे १२,००० रुग्णांपैकी १०.६ टक्के जणांचा आजार ठळकपणे कमी झाला, आणि ०.४९ टक्के जण औषधाच्या विषारीपणामुळे गेले. एकटं नवं केमो औषध तपासणाऱ्या ट्रायलमध्ये तर हा फायदा ४.४ टक्क्यांवरच होता. याच काळात एक अपवादही घडला. ब्रायन ड्रुकर आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली इमॅटिनिबची पहिल्या टप्प्याची ट्रायल सुरू केली. ३०० मिलिग्रॅम किंवा जास्त मात्रा घेणाऱ्या ५४ जणांपैकी ५३ जणांचं रक्त पूर्ववत झालं. २००१ साली औषधाला मान्यता मिळाली आणि दीर्घकालीन ल्युकेमियाच्या एका प्रकाराचं चित्रच पालटलं. ही गोष्ट खरी आहे, सुंदर आहे. पण ट्रायलची माहिती देताना हीच गोष्ट सांगणं हा अन्याय आहे, कारण ऐकणारा स्वतःला त्या ५३ जणांत मोजतो.

मानसोपचारतज्ज्ञ पॉल ॲपलबॉम आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली या समजाला नाव दिलं. रुग्ण संशोधनालाच आपल्यासाठी बेतलेला उपचार समजतो, हा उपचाराचा गैरसमज. मी पहिल्या टप्प्याच्या संमतीपत्रात एक वाक्य सुचवत असते, ‘हे औषध माणसाला किती प्रमाणात झेपतं हे आम्हाला शोधायचं आहे. तुमची गाठ कमी होईल या भरवशावर यात येऊ नका.’ इतकं उघड लिहिलं तर कोण येईल, असं मला विचारलं जातं. काहीजण येणार नाहीत, हे मला मान्य आहे. पण बरेच येतात. ‘माझं जे व्हायचं ते होवो, पुढच्याला तरी कळेल’ असं म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि ती भाबडी नव्हती. त्यांना खरं सांगितलं तरच त्यांच्या देण्याला देणं म्हणता येतं. नाहीतर ते काढून घेणं झालं.

प्लासिबोची, म्हणजे औषधासारख्या दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळीची, भीती मात्र बरीचशी गैरसमजातून येते. चालणारा उपचार उपलब्ध असताना कॅन्सरच्या रुग्णाला नुसती साखरेची गोळी देऊन बसवत नाहीत. बहुतेक वेळा एका गटाला नेहमीचा उपचार अधिक नवं औषध मिळतं, दुसऱ्याला नेहमीचा उपचार अधिक प्लासिबो.

आता प्रश्नाच्या दर्जाकडे येते. रुग्ण स्वतःचं शरीर आणि उरलेल्या दिवसांतले कित्येक दिवस देतो, तेव्हा विचारलेला प्रश्न त्या मोलाचा हवा. दरवेळी तो असतो का? २००८ साली अमेरिकेत बेवासिझुमॅब या औषधाला पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरसाठी घाईने मान्यता मिळाली, कारण स्कॅनवर आजार न वाढता गेलेला काळ लांबला होता. बाया जास्त जगल्या, असं पुढच्या ट्रायलमध्येही दिसलं नाही. दुष्परिणाम मात्र खरे होते. २०११ साली ती मान्यता काढून घेतली गेली. स्कॅनवरचा काळ हा उपयोगी आकडा आहे, लवकर मिळतो. पण रुग्णाला दोनच गोष्टी जाणून घ्यायच्या असतात. मी जास्त जगेन का, आणि जगेन तेव्हा बरी असेन का? ज्या ट्रायलच्या रचनेत या दोन्हींपैकी एकाचंही उत्तर मिळणार नाही, तिच्यावर समितीने अडून बसायला हवं, असं मला वाटतं.

काही प्रश्न असे असतात की ते विचारण्यात कुठल्याच कंपनीला रस नसतो. ते रुग्णालयांच्या संशोधन केंद्रांनीच विचारायचे. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने ११ केंद्रांत १,६०० स्त्रियांवर झालेली ट्रायल २०२३ साली प्रसिद्ध झाली. स्तनाच्या शस्त्रक्रियेआधी काही मिनिटं गाठीभोवती साधं भूल देण्याचं औषध, लिडोकेन, टोचायचं. दंतवैद्य वापरतात त्याच जातीचं. पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. त्याच रुग्णालयाने २०२२ साली डोकं-मानेच्या वाढलेल्या कॅन्सरमध्ये निव्होलुमॅब हे महागडं औषध नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी देऊन पाहिलं. १५१ रुग्णांच्या त्या ट्रायलमध्ये वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. कमी मात्रेची तुलना पूर्ण मात्रेशी तिथे केलेली नव्हती, त्यामुळे कमी मात्रा पूर्ण मात्रेइतकीच चालते असं या एका ट्रायलवरून म्हणता येत नाही. पण ज्यांना पूर्ण मात्रा कधीच मिळणार नव्हती त्यांच्यासाठी हा प्रश्न जगण्यामरण्याचा होता, आणि तो औषध विकणाऱ्याने विचारला नसता. प्रसिद्धीसाठी नव्या औषधांची यादी मिरवण्यापेक्षा असा एक प्रश्न नेटाने तडीस नेणाऱ्या केंद्राबद्दल मला जास्त आदर वाटतो.

ट्रायलमध्ये कोणाला घेतात, यावरही एक सबंध लेख होईल. वय झालेली, मधुमेह-हृदयविकार असलेली, अशक्त माणसं अटींमुळे बाहेर राहतात, आणि नंतर तेच औषध सगळ्यात जास्त त्यांनाच दिलं जातं. रोजगार बुडवून दर आठवड्याला येणं ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी तर दार बंदच असतं. येण्याजाण्याचा खर्च केंद्राने उचलणं हा उपकार नव्हे, उत्तर खरं निघावं यासाठीचाच तो खर्च आहे.

मग शेवटचं देणं. माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाची नैतिक तत्त्वं सांगणाऱ्या हेलसिंकी जाहीरनाम्याच्या २०१३ च्या आवृत्तीत स्पष्ट म्हटलं आहे की अभ्यासाचा निष्कर्ष जाणून घ्यायचा पर्याय सगळ्या सहभागींना द्यावा. युरोपीय संघात जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमानुसार ट्रायल संपल्यापासून साधारण वर्षभरात सामान्य माणसाला समजेल असा सारांश सादर करावा लागतो. ही चांगली सुरुवात आहे, पण सारांश जातो संकेतस्थळावर. सहभागी व्यक्तीने तो कुठे आहे हे शोधायचं, ट्रायलचा लांबलचक क्रमांक आठवायचा, वाचायचा, आणि स्वतःच समजून घ्यायचा. ज्या केंद्राने त्या माणसाला प्रत्येक स्कॅनच्या तारखेची आठवण करायला न चुकता फोन केला, त्याला शेवटचा एक फोन जड का व्हावा?

याला विरोध करणारे डॉक्टर वाईट नसतात, आणि त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. ते म्हणतात, निकाल येईपर्यंत बरेच रुग्ण गेलेले असतात, घरच्यांची जखम पुन्हा कशाला उघडायची? औषध चाललं नाही हे सांगून काय साधणार? यावर माझं उत्तर असं, की हे आपण त्यांच्या वतीने ठरवू नये. सही घेतानाच दोन प्रश्न विचारावेत. तुम्हाला निकाल कळवायचा का? आणि तुम्ही नसाल तर कुणाला कळवायचा? दुसरा प्रश्न विचारणं कठीण आहे, हे मी जाणते. संमतीपत्राच्या खोलीत तो विचारताना डॉक्टरांचा आवाज बदलतो. पण ज्याला आजाराचं गांभीर्य माहीत आहे तो माणूस बहुधा या प्रश्नाने कोसळत नाही. आपण गेल्यावरही इथे आपला कुणी हिशेब ठेवणार आहे, हे त्याला कळतं.

काही काळापूर्वी समितीपुढे एका ट्रायलचा समाप्ती अहवाल आला. औषधाने फायदा झाला नव्हता. अहवाल एका पानाचा होता. सहभागींना कळवलं का, असं मी विचारलं आणि खोलीतल्या कुणाकडेच उत्तर नव्हतं, कारण ते कुणाचं कामच नव्हतं. त्या दिवशी ठरलं की पत्र पाठवायचं. निकाल थेट लिहायचा नाही, फक्त कळवायचं की ट्रायल पूर्ण झाली आहे, निकाल हाती आला आहे, जाणून घ्यायचा असेल तर या क्रमांकावर फोन करा. मसुद्याला तीन आठवडे लागले. ‘अयशस्वी’ हा शब्द ठेवायचा की नाही यावरच दोन बैठका गेल्या. शेवटी तो काढला, कारण अयशस्वी औषध ठरलं होतं, आणि वाचणाऱ्याला वाटलं असतं आपला माणूस.

पत्रं गेली. बऱ्याच जणांनी फोन केला नाही. एका बाईंनी केला. यजमान मधल्या काळात गेले होते. आमच्या समन्वयक मुलीने नंतर मला सांगितलं, की त्यांनी औषधाबद्दल आधी काही विचारलंच नाही. यजमान कोणत्या गटात होते एवढंच विचारलं. ते जुन्या, नेहमीच्या उपचाराच्या गटात होते. नवं औषध त्यांना दिलंच गेलं नव्हतं. बाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘सही कर म्हणून मीच मागे लागले होते हो. इतके दिवस मला वाटत होतं, त्या नव्या औषधानेच नेलं त्यांना.’ मग त्यांनी बाकीचं सगळं विचारलं. किती माणसं होती, नव्या औषधाने काय झालं, आता पुढे कुणाला ते देणार का. आणि फोन ठेवण्याआधी त्या औषधाचं नाव एकेक अक्षर विचारून लिहून घेतलं.